महाविद्यालयाचा उत्कृष्ट प्राध्यापक पुरस्कार: निवड नीट कशी करावी

बऱ्याच महाविद्यालयांत उत्कृष्ट शिक्षक पुरस्काराची आठवण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात होते. ५ सप्टेंबर तोंडावर आलेला असतो, शाल आणि स्मृतिचिन्ह सांगून ठेवायचं असतं, आणि नाव प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा संपेपर्यंत ठरतं. गेल्या वर्षी विज्ञानला दिला, यंदा वाणिज्यची पाळी. नाहीतर येत्या वर्षी निवृत्त होणारे सर. अशा पुरस्काराने कुणाचं वाईट होत नाही, पण आपल्या महाविद्यालयात चांगलं शिकवणं कशाला म्हणतात हे तरुण प्राध्यापकाला त्यातून काडीचंही कळत नाही. ते कळायचं असेल तर वर्गात काय घडतं याचा पुरावा वर्षभर जमवावा लागतो. समारंभ हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

वेळापत्रक

पुरस्कार नुकत्याच संपलेल्या शैक्षणिक वर्षासाठी द्यावा आणि तारखा मागून मोजत याव्यात. १० ऑगस्टपर्यंत निर्णय, जुलैमध्ये समितीच्या दोन बैठका, ३० जूनपर्यंत प्रस्ताव पूर्ण, डिसेंबर ते फेब्रुवारी वर्गभेटी, आणि त्याआधी नोव्हेंबरमध्ये नामांकनं. विद्यार्थ्यांचा अभिप्राय वर्षातून दोनदा, सत्र संपायच्या दोन-तीन आठवडे आधी घ्यावा. परीक्षेच्या धामधुमीत भरलेले फॉर्म सगळीकडे एकच आकडा टिक करून परत येतात. समारंभाची तारीख धरताना गणपतीचं कॅलेंडर बघावं. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, म्हणजे ५ तारखेला सभागृह रिकामंच. अशा वर्षी कार्यक्रम विसर्जनानंतर ठेवावा किंवा थेट ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला.

कोण पात्र

महाविद्यालयात सलग तीन वर्षं शिकवलेलं असावं. तासिका तत्त्वावरचे (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे) आणि विनाअनुदानित तुकड्यांचे शिक्षक यात धरलेच पाहिजेत. अनेक ठिकाणी प्रथम वर्षाचं निम्मं शिकवणं त्यांच्याच खांद्यावर असतं, आणि त्यांना वगळून दिलेला पुरस्कार हा शिकवण्याचा न राहता नेमणुकीचा होतो. त्यांच्यासाठी वेगळा, कमी रकमेचा पुरस्कार काढू नये. एकाच यादीत, एकाच निकषांवर तोलावं.

दारातली चाळणी एकच असावी: नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत ८० टक्के किंवा अधिक तास घेतलेल्याला ‘चांगले’ असा शेरा आहे. तीच रेघ वापरावी. मस्टर आणि प्राध्यापकाची दैनंदिनी ताडून पाहिली की हे अर्ध्या तासात कळतं. एकदा पुरस्कार मिळाला की पुढची पाच वर्षं नाव विचारात घेऊ नये.

नामांकन विभागप्रमुख, सहकारी किंवा विद्यार्थी प्रतिनिधी करू शकतील, आणि स्वतःचं नाव स्वतः देण्याचीही मुभा हवी. एकच शिक्षक असलेल्या विभागात, संस्कृत किंवा भूगोलासारख्या, नाव सुचवायला दुसरं असतं कोण?

समिती

पाच जण पुरेत: प्राचार्य, आयक्यूएसीचे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक, आधीचे एक पुरस्कारविजेते आणि बाहेरचे दोघे. बाहेरच्यांपैकी एक दुसऱ्या महाविद्यालयातले अनुभवी प्राध्यापक, दुसरा किमान तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला माजी विद्यार्थी. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी निकष आणि निधी मंजूर करावा. नाव निवडण्याच्या बैठकीत बसू नये. उमेदवाराचे पीएच.डी. मार्गदर्शक, शोधनिबंधातले सहलेखक किंवा नातेवाईक समितीत असतील तर त्या नावाच्या चर्चेत त्यांनी खोलीबाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. हे आधी लिहून ठेवलं नाही तर ऐनवेळी कुणी कुणाला ‘सर, आपण बाहेर थांबा’ असं म्हणत नाही.

गुण कशाला

१०० पैकी किमान ६० गुण वर्गातल्या कामाला ठेवावेत. २० विद्यार्थ्यांच्या सोबतीला, म्हणजे मेंटॉरिंग, मागे पडलेल्यांसाठीचे जादा तास, प्रकल्प. १० अभ्याससाहित्याला आणि १० संशोधनाला. संशोधनाला एवढे कमी का, असा प्रश्न हमखास येतो. संशोधनाची मोजदाद कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीमच्या, पदोन्नतीत आधीच होते. शोधनिबंधांची यादी मोजायला सोपी असते, त्यामुळे तिला ३०-४० गुण दिले की बाकी सगळं झाकोळतं आणि दोन वर्षांत हा पुरस्कार सर्वांत लांब बायोडेटाचा होऊन बसतो.

प्रस्ताव १२ पानांचा, त्याहून मोठा घेऊ नये. त्यात एका विषयाचं अध्यापन नियोजन, एक प्रश्नपत्रिका, तपासलेल्या तीन उत्तरपत्रिका (नाव झाकून, उत्तम, मध्यम, कच्ची) आणि दोन पानांचं निवेदन. यातली कच्ची उत्तरपत्रिका नीट वाचावी. समासात नुसती फुली आहे, की ‘सूत्र बरोबर, एकक चुकलं, उदाहरण ४ पुन्हा सोडव’ असं लिहिलंय? शिक्षक कसा आहे हे इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे कुठे दिसत नाही. २०२३ पासून केंद्राच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात उच्च शिक्षणातले शिक्षकही आहेत; नीट ठेवलेली ही कागदपत्रं तिथेही हाताशी येतात.

अभिप्राय आणि वर्गभेट

इथेच सर्वाधिक गफलत होते. ‘सर चांगलं शिकवतात का?’ असं विचारलं की लोकप्रियता मोजली जाते. मुलांना स्वतः पाहिलेली गोष्ट विचारावी: चाचणीचा पेपर किती दिवसांत परत मिळाला? शंका विचारली तर काय झालं? शेवटचं युनिट वर्गात पूर्ण झालं का? फॉर्म निनावी, वर्गातच, दहा मिनिटांत, आणि त्या वेळी शिक्षक बाहेर. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की भरणारे बहुधा दोनच गट असतात, चाहते आणि रागावलेले.

सरासरी आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. ऐच्छिक विषयाच्या १४ जणांच्या वर्गातले ४.८ आणि सक्तीच्या विषयाच्या १२० जणांच्या वर्गातले ४.३ ही दोन वेगळी मापं आहेत. सक्तीच्या विषयाची तुलना सक्तीच्याच विषयाशी, प्रथम वर्षाची प्रथम वर्षाशी. दहापेक्षा कमी फॉर्म असतील तर सरासरी काढूच नये, लेखी शेरे वाचावेत. ६० टक्क्यांहून कमी मुलांनी भरला असेल तर पुन्हा घ्यावा. निकालाच्या टक्केवारीचंही तसंच. तृतीय वर्षाला चाळून आलेली मुलं असतात, त्यामुळे तोच विषय गेल्या तीन वर्षांत कुठे होता हे पाहावं.

वर्गभेटी दोन, न कळवता, दोघांनी मिळून: एक त्या विषयाचा, एक दुसऱ्या विभागाचा. पूर्ण तासिका बसावं. किती मिनिटं फक्त शिक्षक बोलले, किती मुलांनी प्रश्न विचारले, शेवटच्या बाकाकडे कधी लक्ष गेलं, हे नोंदवावं. निष्कर्ष नंतर.

गुणांची बेरीज झाल्यावर पहिल्या तिघांवर चर्चा व्हावी. कुणीच कसोटीला उतरत नसेल तर त्या वर्षी पुरस्कार नाही, ही तरतूद नियमात हवी.

पैसा आणि मानपत्र

रक्कम दरवर्षी वर्गणीतून उभी करू नये. तीन लाखांची मुदत ठेव केली आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला २१,००० रुपये सुटतात. त्यात १५,००० रोख आणि बाकीचा खर्च भागतो. संस्थेने आपल्याच कर्मचाऱ्याला दिलेली रोख रक्कम पगारातलं उत्पन्न धरली जाते, तेव्हा हिशेबनीसाला आधी विचारावं.

मानपत्र मात्र मन लावून लिहावं. ‘विद्यार्थीप्रिय, हाडाचे शिक्षक, ज्ञानदानाचे व्रत घेतलेले’ हे कुणालाही चिकटतं. त्याऐवजी असं काहीतरी: ‘द्वितीय वर्ष बी.कॉम.ला कॉस्ट अकाउंटिंग शिकवताना मॅडमनी गावातल्या बेकरीचा खर्चाचा हिशेब मुलांकडून मांडून घेतला. दर शनिवारी नापास झालेल्यांसाठी जादा तास घेतला. चाचणीचे पेपर आठवड्याच्या आत परत दिले.’ १२० ते १५० शब्द, आणि ते त्या शिक्षकाच्या विद्यार्थ्याने मंचावर वाचावं. पाहुण्यांचं भाषण पंधरा मिनिटांत आटोपावं.

समारंभानंतरच्या दोन आठवड्यांत, न निवडल्या गेलेल्या प्रत्येक उमेदवाराला एक पानाचं पत्र जावं: वर्गभेटीत काय आवडलं, काय कमी पडलं, पुढच्या वेळी कोणता पुरावा जोडावा. पत्रावर प्राचार्यांची सही असावी आणि ते बंद पाकिटातून हातात द्यावं, नोटीस बोर्डावर लावू नये.