महापालिकेला अपक्ष उभे राहताय? कार्यकर्त्यांकडून होणाऱ्या या चुका टाळा

वर्षानुवर्षं ड्रेनेज, रेशनकार्ड, शाळाप्रवेश यांसाठी धावलेला कार्यकर्ता महापालिकेला उभा राहतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वस्तीत वजन असतं. तरीही कुणाचा अर्ज छाननीतच बाद होतो, तर कुणाला मतमोजणीच्या दिवशी कळतं की ज्यांच्यासाठी धावलो त्यातले बरेच जण आपल्या प्रभागाच्या यादीत नव्हतेच. काम कमी पडलेलं नसतं. कच्चे राहतात ते कागद, यादी आणि तारखा. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. खालची उदाहरणं त्या निवडणुकीच्या नियमांवरून आणि वेळापत्रकावरून घेतली आहेत.

वस्तीलाच प्रभाग समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक. बाकी शहरांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. पुण्यात १६५ जागा ४१ प्रभागांत विभागल्या होत्या, म्हणजे एका प्रभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणेच सरासरी ८० हजारांच्या वर. तुमचं काम चार गल्ल्यांत असेल, तर तो या पसाऱ्याचा एक कोपरा झाला.

प्रभागरचना जाहीर झाली की नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या आणि हद्द पायी फिरा. हद्द रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशा खुणांवरून जाते. नाल्याच्या अलीकडची चाळ तुमची आणि पलीकडची शेजारच्या प्रभागात, हे कागदावर वाचून डोक्यात बसत नाही.

मग मतदार यादी. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागवार फोडतो. २०२६ च्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्या तारखेला जे यादीत नव्हते, त्यांचं नाव नंतर कितीही धडपड केली तरी त्या निवडणुकीपुरतं चढलं नाही. म्हणून नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरून घेण्याचं काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता वर्षभर चालू ठेवा.

यादी फोडताना चुका होतात. एखादी पूर्ण सोसायटी शेजारच्या प्रभागात जाते. याला हरकत घ्यायची संधी प्रारूप (कच्ची) यादी लागल्यावरचे मोजके दिवस असते. अंतिम यादीनंतर आरडाओरडा करून उपयोग नाही. प्रारूप यादी छापा, दोघादोघांच्या जोड्या करा आणि इमारतीप्रमाणे घरोघर तपासा. नावापुढे पेन्सिलीने खूण करा: इथेच राहतो, घर सोडलं, मयत, दोनदा नाव, दुसऱ्या प्रभागातला. हरकतीच्या अर्जात यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि इमारत हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे ते लिहा. "आमच्या भागातली नावं गायब आहेत" असं मोघम लिहिलेलं निवेदन बाजूला पडतं. हीच खुणा केलेली यादी पुढे प्रचारात आणि मतदानाच्या दिवशी बूथवर वापरायची आहे.

अर्ज भरून झाला म्हणजे झालं असं वाटणं

वय २१ पूर्ण हवं आणि तुमचं नाव त्याच शहराच्या यादीत हवं. नाव दुसऱ्या प्रभागात असेल तरी चालतं, फक्त यादीचा प्रमाणित उतारा जोडा. सूचक-अनुमोदक (तुमचं नाव सुचवणारा आणि त्याला दुजोरा देणारा) मात्र ज्या प्रभागातून लढता त्याच प्रभागाचे मतदार लागतात. इथेच घोटाळा होतो. जवळचा, भरवशाचा मित्र सूचक होतो आणि छाननीच्या टेबलावर निघतं की तो हद्दीपलीकडचा आहे. सही घेण्याआधी त्याचं नाव अंतिम यादीत स्वतः बघा आणि अनुक्रमांक यादीवरूनच उतरवा, आठवणीने नाही. एकाहून जास्त अर्ज भरता येतात. दुसऱ्या अर्जावर वेगळे सूचक-अनुमोदक घ्या.

अर्जासोबतच्या शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका. गुन्हा नसेल, कर्ज नसेल, जमीन नसेल, तर तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. कोरा रकाना म्हणजे माहिती दिली नाही, असा अर्थ होतो आणि त्यावर अर्ज नाकारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पती किंवा पत्नीच्या मालमत्तेचे रकानेही यात येतात.

राखीव जागेवर लढताना जातवैधता प्रमाणपत्र हातात नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडावी लागते. निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. पावतीपुरता अर्ज करून वंशावळीचे, शाळेच्या दाखल्याचे पुरावे नंतर शोधू म्हणणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते.

समाजकार्यातून येणाऱ्यांना एक अडचण खास नडते. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० खाली अपात्र ठरते. तुमची संस्था किंवा बचत गट पालिकेचं कचरा वर्गीकरणाचं किंवा पोषण आहाराचं काम पैसे घेऊन करत असेल, तर अर्जाच्या बऱ्याच आधी वकिलाला करारनामा दाखवा. मालमत्ता कर, पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. घराचं अनधिकृत वाढीव बांधकाम आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य हे दोन मुद्दे प्रतिस्पर्धी पहिल्यांदा तपासतो.

नेहमीचं काम आचारसंहितेतही तसंच चालू ठेवणं

दर महिन्याला आरोग्य शिबिर घेत असाल, मोफत चष्मे देत असाल, तर आचारसंहिता लागली की थांबा. उमेदवार म्हणून तेच वाटप आमिष ठरतं. जानेवारीतल्या मतदानात संक्रांत आदल्याच दिवशी होती. हळदी-कुंकवाला वाण म्हणून डबे, साड्या देणं रूढ असलं तरी उमेदवाराच्या नावाने दिलेलं वाण तक्रारीला आयतं कारण देतं. धर्मादाय न्यासाची गाडी, कार्यालय, पैसा प्रचाराला अजिबात वापरू नका. तुम्ही हराल किंवा जिंकाल, पण न्यासाची नोंदणी आणि करसवलत धोक्यात घातली तर त्याची झळ त्यावर अवलंबून असलेल्या माणसांना बसेल.

चिन्ह मिळाल्यावर प्रचार सुरू करू म्हणणं

अपक्षाला चिन्ह शेवटी मिळतं. २०२६ ला ते ३ जानेवारीला मिळालं आणि जाहीर प्रचार १३ तारखेच्या संध्याकाळी थांबला. हातात जेमतेम दहा दिवस. तासाला बारा घरं आणि दिवसाला सहा तास धरले तर दहा दिवसांत उमेदवाराची ७२० घरं होतात. प्रभागात घरं असतात हजारोंनी. त्यामुळे ओळख करून देण्याचं काम आधीच संपलेलं हवं. त्या दहा दिवसांत फक्त चिन्ह पोहोचवायचं. मुक्त चिन्हांच्या (कुठल्याही पक्षासाठी राखीव नसलेल्या) यादीतून लांबून ओळखू येणारी, एका शब्दात सांगता येणारी चिन्हं पसंतीक्रमाने आधीच ठरवून ठेवा. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापायला विसरू नका.

"आपलं बटण दाबा आणि या" असं सांगणं

चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. एकच बटण दाबून मतदार बाहेर निघाला तर प्रक्रिया अपुरी राहते, मतदान अधिकारी त्याला परत बोलावतो, गोंधळ होतो, मागे रांग खोळंबते. प्रचारात हे असं सांगा: "ब जागेच्या यादीत आपलं चिन्ह अमुक क्रमांकावर आहे. तिथे बटण दाबा. उरलेल्या तीन जागांवरही पसंतीचं बटण दाबा. कुणी पटत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबा." आजी-आजोबांना नमुना मतपत्रिकेवर बोट ठेवून दाखवा. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. रंग लक्षात राहतो, अक्षर राहत नाही.

मतदान साडेसातला सुरू होतं, पण अभिरूप मतदान (यंत्र तपासण्यासाठीचं चाचणी मतदान) त्याआधी. केंद्रावर बसणारा तुमचा मतदान प्रतिनिधी तेव्हाच हजर हवा. चहा पिऊन आठला पोहोचणारा प्रतिनिधी नेमू नका.

खर्चाचा हिशेब शेवटी जुळवू म्हणणं

२०२६ ला मुंबई, पुणे, नागपूरसाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये आणि ड वर्गाच्या, म्हणजे लहान महापालिकांसाठी ९ लाख होती. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. वडापाव, खुर्ची, रिक्षा यांचे दर प्रशासन ठरवून देतं. तुम्ही कमी दर लावला तरी हिशेब त्यांच्या दरानेच होतो. मित्राने फुकट लावलेला फ्लेक्सही खर्चात धरा. बिलं रोज रात्री एका वहीत चिकटवा.

निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. हिशेब कार्यालयात ठेवून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा.