डाउनलोड केलेली नथ खणाच्या बाहीवर नीट उमटावी म्हणून

मशीनच्या भरतकामाचं डिझाइन म्हणजे चित्र नव्हे. सुईने कुठे टोचायचं, कुठून कुठे उडी मारायची, कुठे थांबून धागा बदलायचा, याची ती यादी असते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोळ आपोआप टळतात. उदाहरणाला खणाच्या ब्लाउजच्या बाहीवर काढायची नथ घेऊ. लग्नसराईत हमखास मागितलं जाणारं हे काम, आणि मोत्याचा गोल जरा जरी बिघडला तरी लपत नाही.

घेताना काय बघायचं

साइटवरचा फोटो बरेचदा कॉम्प्युटरने तयार केलेला असतो. प्रत्यक्ष कापडावर काढलेल्या नमुन्याचा फोटो असेल तरच त्यावर विश्वास ठेवा. खरी माहिती खालच्या बारीक अक्षरांत असते: मिलिमीटरमध्ये माप, टाक्यांची संख्या, रंग किती आणि फाइलचा प्रकार. 45 × 50 मिमीची नथ साधारण 5,000 टाक्यांत बसते. त्याच मापाला 12,000 टाके दिसले तर ते पंचिंग, म्हणजे चित्राचं टाक्यांत रूपांतर, दाट आहे, बाही पुठ्ठ्यासारखी ताठ होईल.

फाइलचा प्रकार मशीनवर ठरतो. ब्रदरच्या घरगुती मशीनला पीईएस, उषा जनोमला जेईएफ, हुस्कवर्ना आणि फाफला व्हीपी3. कारखान्यातली मशीनं डीएसटीवर चालतात. डीएसटी बहुतेक ठिकाणी उघडते खरी, पण तिच्यात धाग्याचे रंग साठवलेले नसतात, फक्त ‘इथे थांब’ एवढीच सूचना असते. त्यामुळे स्क्रीनवर मोती हिरवे आणि पाचू गुलाबी दिसला तर फाइल बिघडली असं समजू नका. सोबत आलेला रंगांचा तक्ता समोर ठेवा आणि त्याच क्रमाने धागे लावा. ईएमबी ही विल्कॉम सॉफ्टवेअरची कामाची फाइल. ती घरगुती मशीन वाचत नाही, म्हणून फक्त ईएमबी मिळत असेल तर घेण्यात अर्थ नाही. आणि फाइलचं नाव बदलून शेवटी जेईएफ लिहिलं म्हणजे ती जेईएफ होत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमधूनच त्या प्रकारात सेव्ह करावी लागते. इंक/स्टिच हे फुकट मिळतं, इंकस्केपमध्ये बसवून वापरता येतं आणि या कामाला पुरतं.

फ्रेमचं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीचं, मापही इथेच तपासा. चार इंची म्हणवणाऱ्या फ्रेममध्ये भरतकामाची जागा 100 × 100 मिमीच असते. डिझाइन 101 मिमी असेल तर बरीच मशीनं ते उघडतच नाहीत, आणि माणूस पेनड्राइव्हला दोष देत बसतो.

फाइल मशीनपर्यंत नेताना

डाउनलोड बहुधा झिपमध्ये येतं आणि मशीन झिप उघडत नाही. कॉम्प्युटरवर किंवा फोनवर आधी ती सोडवा, मूळ झिप जशीच्या तशी जपून ठेवा आणि आपल्या मशीनची एकच फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह 8 किंवा 16 जीबीचा, फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरी नाव किंवा मध्येच टाकलेली चिन्हं अनेक मशीनना वाचता येत नाहीत. काही जनोम मशीनना डिझाइन ठराविक फोल्डरमध्येच लागतं. अशा वेळी रिकामा पेनड्राइव्ह एकदा मशीनला लावा, मशीन स्वतःच तो फोल्डर तयार करतं, मग फाइल त्यात टाका.

काढायला घेण्याआधी कॉम्प्युटरवर टाक्यांचा क्रम चालवून बघा. आधी मोती आणि खडे भरले जावेत, सोनेरी कडा शेवटी यावी. कडा आधी काढून आत नंतर भरणारं डिझाइन असेल तर भरावाचे टाके कडेवर चढतात. ते कापडावर दुरुस्त होत नाही.

माप बदलण्याचा मोह

इथेच सगळ्यात जास्त कापड वाया जातं. पंचिंग करताना 40 नंबरच्या धाग्यासाठी टाक्यांच्या ओळींमध्ये साधारण 0.4 मिमी अंतर धरतात. नथ 30 टक्क्यांनी लहान केली आणि मशीनने टाके नव्याने मोजले नाहीत, तर तेवढेच टाके जवळजवळ निम्म्या जागेत कोंबले जातात. अंतर 0.28 मिमीवर येतं. मग सुई मोडते, धागा तुटतो, कापड गोळा होतं. उलट 30 टक्के वाढवलं तर अंतर 0.52 होतं आणि टाक्यांतून खणाचा रंग डोकावतो. 10 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. त्यापुढे दुसऱ्या मापाची फाइल घ्या किंवा पंचिंगवाल्याकडून त्या मापात नव्याने करून घ्या. चार पैसे जातील, खण वाचेल.

खण फ्रेममध्ये बसवताना

बाही आधी कापू नका. खणावर खडूने बाहीचा आकार आखा, चारही बाजूंनी दोन-दोन इंच कापड सोडा आणि भरतकाम झाल्यावर कापा. डिझाइन कागदावर 100 टक्के मापात छापा, कापून घ्या आणि आखलेल्या बाहीवर ठेवून बघा. काठापासून नथ किती वर हवी ते इथेच ठरतं. जागा पक्की झाली की मध्यबिंदूवर अधिकचं चिन्ह काढा.

खणाची एक सोय अशी की त्यावरच्या बुट्ट्यांच्या ओळी पट्टीचं काम करतात. बुट्ट्यांची ओळ फ्रेमच्या कडेला समांतर आली पाहिजे. दोन-तीन अंशही तिरकं बसलं तर साध्या कापडावर खपून जाईल, खणावर लगेच डोळ्यांत भरतं.

खण पातळ आणि सुटणारा. मागून हलकं फ्यूजिंग, म्हणजे चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवा आणि त्याखाली फाडून काढायच्या पेपरचे दोन थर द्या. पेपर फ्रेमपेक्षा सगळीकडून इंचभर मोठा हवा, म्हणजे तोही फ्रेमच्या पकडीत येतो. नुसता खाली सरकवलेला पेपर काम करत नाही. कापड ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं असावं, पण स्क्रू आवळल्यानंतर कडा ओढून ताणू नका. फ्रेम सुटली की ते ताणलेलं कापड परत आखडतं आणि नथीभोवती चुण्या पडतात.

सुई, धागा, वेग

साध्या रेशमी किंवा पॉलिएस्टर धाग्याला 75/11 सुई. नथीच्या तारेला जरीचा धागा वापरणार असाल तर मोठ्या नेढ्याची 90/14 लावा, वरच्या धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं सैल करा आणि वेग मिनिटाला 400 टाक्यांवर आणा. बाकी रंगांना 500 ते 600 ठीक आहे. बॉबिनला, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाला, भरतकामाचा बारीक धागा वापरा, शिवणाचा जाड धागा घातला तर मागे गाठोडं होतं.

त्याच प्रकारच्या चिंधीवर, त्याच पेपरवर एकदा सॅम्पल काढाच. मग उलटी बाजू बघा. रुंद भरावात मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा धागा दिसला की टेन्शन बरोबर. पांढरा वर डोकावत असेल तर वरचं सैल करा. खाली धाग्याचं घरटं झालं असेल तर टेन्शनला हात लावण्याआधी वरचा धागा पूर्ण काढा आणि प्रेसर फूट वर करून पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलं तर धागा टेन्शनच्या चकत्यांत बसतच नाही.

आता मोती. गोल मोती अंड्यासारखा आला तर तो कुठल्या दिशेने चपटा झालाय ते बघा. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापड आत ओढलं जातं आणि आडव्या दिशेला किंचित फुगतं. चांगल्या पंचिंगमध्ये ही ओढ आधीच धरलेली असते. तरी अंडं होत असेल तर फ्रेम सैल आहे किंवा पेपर कमी पडतोय. दोन्ही सुधारूनही तेच राहिलं तर दोष डिझाइनचा. कडा भरावापासून एका बाजूला सुटलेली दिसली तरी आधी फ्रेमच तपासा.

परवाना आणि दुसरी बाही

विकत घेतलेल्या बऱ्याच डिझाइनांवर कपडे शिवून विकता येतात, फाइल मात्र दुसऱ्याला पाठवता येत नाही. दोन्ही अटी साइटवर लिहिलेल्या असतात, आधी वाचा. कार्टूनमधली पात्रं फुकट मिळाली तरी विकायच्या कपड्यावर नकोत.

पेपर फाडताना टाक्यांवर अंगठा दाबून धरा, नाहीतर नुकताच बसलेला मोती ओढला जातो. इस्त्री उलट बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून. जरीवर थेट गरम इस्त्री फिरली तर ती वितळते. दुसऱ्या बाहीला तीच फाइल घ्या, पण मशीनवर मिरर करून. नाहीतर एका हाताची नथ पुढे बघेल आणि दुसऱ्या हाताची पाठीकडे.