बॅटरीवरच्या मायक्रोकंट्रोलरचा क्लॉक कसा ठरवावा

तासगावच्या द्राक्षबागांत मातीचा ओलावा मोजणाऱ्या पेट्या मी बनवतो. आत दोन पेन्सिल सेल आणि एटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक. उदाहरणं त्याचीच घेतो.

आधी व्होल्टेज बघा, मगच मेगाहर्ट्झ, म्हणजे क्लॉकचे सेकंदाला किती दशलक्ष ठोके (सायकल). १.८ व्होल्टला ४, २.७ ला १० आणि ४.५ ला २० मेगाहर्ट्झ ही या चिपची मर्यादा. ३.३ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झ लावून "चालतंय की" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. टेबलावर चालतं, बागेत कधी अडकेल सांगता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे, मीही इथेच बराच काळ घोटाळत होतो. "क्लॉक कमी केला की बॅटरी वाचते" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. क्लॉक उतरवला की करंट उतरतो, पण काम तेवढंच असतं, म्हणून चिप जास्त वेळ जागी राहते. समजा हिशोबाला एक लाख सायकल लागतात आणि तेवढा वेळ सेन्सर ५ मिलीअँपिअर खातोय. १ मेगाहर्ट्झला १०० मिलिसेकंद, ८ ला साडेबारा. म्हणजे सेन्सरचा खर्च आठपट! जिथे चिपला नुसती वाट बघायची आहे, तिथे क्लॉक उतरवू नका, सरळ झोपवा. पटकन काम उरका आणि झोपा, हेच धोरण ठेवा.

उठण्याचा वेळही हिशोबात धरा. चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर (क्लॉकचे ठोके देणारं सर्किट) ६ सायकलमध्ये तयार होतो. तेच ठोके बाहेर जोडलेल्या क्रिस्टलवरून घेतले, तर त्याला स्थिर व्हायला १६ हजार सायकल द्याव्या लागतात, म्हणजे १६ मेगाहर्ट्झलाही साधारण १ मिलिसेकंद वाया.

म्हणून माझी जोडी ठरलेली: काम आतल्या आरसीच्या ८ मेगाहर्ट्झवर, वेळ मोजायला ३२.७६८ किलोहर्ट्झचं घड्याळाचं क्रिस्टल टायमर २ वर (चिपमधला ठोके मोजणारा भाग) आणि चिप पॉवर-सेव्ह मोडमध्ये, म्हणजे हा टायमर चालू ठेवणाऱ्या झोपेत. हे क्रिस्टल मुख्य क्रिस्टलच्याच पिनांवर बसतं, त्यामुळे दोन्ही एकदम मिळत नाहीत. वरच्या मर्यादेच्या हिशोबाने ८ मेगाहर्ट्झला २.४ व्होल्ट लागतात, म्हणून सेल उतरून त्याखाली जायच्या आत प्रीस्केलरने (क्लॉकला भागणारा भाग) क्लॉक निम्मा करा.

आरसीची फॅक्टरी अचूकता फक्त ±१० टक्के आहे आणि तापमानाने ती आणखी हलते. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पेटीतून सिरीयलवर (डेटा पाठवायची तार) कचरा येतो तो यामुळेच. त्याच घड्याळाच्या क्रिस्टलशी ताडून ऑसकॅल रजिस्टर (आरसीचा वेग जुळवायचा आकडा) जुळवा. १ मेगाहर्ट्झवर ९६०० बॉडला (सिरीयलचा वेग, सेकंदाला ९६०० बिट) तर नुसत्या भागाकारानेच ७ टक्के चूक पडते. तिथे सिरीयलचा दुप्पट-वेगाचा बिट (यू२एक्स) लावा, ती ०.२ टक्क्यांवर येते.

फ्यूज (क्लॉक कुठून घ्यायचा वगैरे ठरवणाऱ्या चिपमधल्या कायम सेटिंग) लिहिताना, क्रिस्टल नसताना क्रिस्टलचा पर्याय निवडलात तर प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र) चिपला ओळखणारच नाही. एक्सटाल१ पिनवर बाहेरून क्लॉक द्या, चिप परत बोलू लागते.

शेवटी करंट मोजा. मीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून चिप उठवली, तर मीटरमध्येच व्होल्टेज पडून ती रीसेट होते. मीटरच्या दोन टोकांवर वायर टाकून ठेवा आणि चिप झोपल्यावरच ती काढा.