जुने अमेरिकी कार्टून नेमके कधीचे, हे कसे ओळखावे

एखादे जुने अमेरिकी कार्टून समोर आले, की त्याचे वय आपण सुरुवातीच्या पाटीवरून ठरवू पाहतो आणि बहुधा तिथेच फसतो. ही कार्टूने चित्रपटगृहासाठी, मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवण्यासाठी तयार होत. लांबी साधारण सात मिनिटे, म्हणजे ३५ मिमीच्या फिल्मवर मिनिटाला ९० फूट या हिशेबाने जेमतेम ६३० फूट. चांगले चाललेले कार्टून स्टुडिओ काही वर्षांनी पुन्हा प्रदर्शित करी, आणि त्या वेळी पाट्या बदलल्या जात. वॉर्नर ब्रदर्सने १९४३ पासून ‘ब्लू रिबन’ (निळी फीत) या नावाखाली आपली जुनी कार्टूने पुन्हा बाहेर काढली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांची मूळ श्रेयनामावलीच गेली. म्हणून पाटीवर निळी फीत दिसली आणि दिग्दर्शकाचे नाव कुठेच नसले, तर चित्र त्या पाटीपेक्षा जुने आहे असे धरून चालावे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे दिग्दर्शक टेक्स एव्हरीचे १९४० मधले ‘अ वाइल्ड हेअर’. त्यात बग्ज बनी हा ससा मागून येऊन शिकारी एल्मरचे डोळे झाकतो आणि ‘ओळख पाहू’ म्हणतो, तेव्हा एल्मर एकेका चित्रपटतारकेचे नाव घेतो. मूळ प्रतीत त्यात कॅरोल लोम्बार्ड हे नाव होते. जानेवारी १९४२ मध्ये विमान अपघातात तिचा मृत्यू झाल्याने पुनर्प्रदर्शनाच्या प्रतीत त्या जागी बार्बरा स्टॅनविक हे नाव घालण्यात आले. आपल्यासमोरची प्रत कोणती, हे या एका नावावरून कळते. पाटी बघण्याची गरजही उरत नाही.

पाटी शाबूत असेल, तर तिच्यावर बारीक अक्षरांत कॉपीराइटचे वर्ष रोमन अंकांत असते. ते वाचणे अवघड नाही: एम म्हणजे १०००, त्यापुढचे सी-एम म्हणजे ९००, आणि एक्स-एल म्हणजे ४०, म्हणून ‘एम-सी-एम-एक्स-एल’ म्हणजे १९४०. मात्र हे कॉपीराइटचे वर्ष आहे. प्रदर्शनाचे वर्ष त्याहून एखाद्या वर्षाने वेगळे असू शकते.

त्यानंतर नावे पाहावीत. वॉर्नरसाठी कार्टूने बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंजरचे नाव निर्माता म्हणून असेल, तर कार्टून १९४४ च्या पुढचे नसावे, कारण त्या वर्षी त्याने आपला स्टुडिओ वॉर्नरला विकला. त्याच्या कारकिर्दीत दिग्दर्शकाला बराच काळ ‘सुपरव्हिजन’ (देखरेख) एवढेच श्रेय मिळे, आणि अनेक ॲनिमेटरांनी मिळून केलेल्या कामावर पाळीपाळीने एकाचेच नाव झळके. हा अन्यायच होता, पण काळ ओळखायला आज तो उपयोगी पडतो. वॉर्नरच्या कार्टूनवर संगीतासाठी कार्ल स्टॉलिंगचे नाव असले, तर चित्र १९३६ ते १९५८ या काळातले समजावे.

पाट्याच नसतील, तर रंगांकडे वळावे. डिस्नेने १९३२ मध्ये ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ हे तीन रंगपट्ट्यांच्या टेक्निकलरमधले (रंगीत चित्रीकरणाच्या एका पद्धतीतले) पहिले कार्टून आणले आणि १९३५ अखेरपर्यंत कार्टूनसाठी ही पद्धत वापरण्याचा एकाधिकार स्वतःकडे ठेवला. परिणामी त्या वर्षांत इतर स्टुडिओंना दोन रंगांवर भागवावे लागले, आणि दोन रंगांत सगळ्या छटा उतरत नाहीत. डिस्नेचे नसलेले रंगीत कार्टून तांबूस-हिरवट दिसत असेल आणि खरा पिवळा किंवा स्वच्छ निळा त्यात कुठेच नसेल, तर ते बहुधा याच काळातले. प्रत विटली म्हणूनही रंग असे दिसू शकतात, त्यामुळे केवळ रंगावरून निकाल देऊ नये.

आणखी एक सापळा पोर्की पिगच्या कार्टूनांत आहे. हे डुक्कर ज्यात असे, ती वॉर्नरची ‘लूनी ट्यून्स’ ही मालिका १९४३ पर्यंत बहुतांशी कृष्णधवल होती. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीसाठी त्यांपैकी अनेक कार्टूने दक्षिण कोरियात हाताने गिरवून रंगवली गेली. गिरवताना मधली बरीच चित्रे गाळल्याने पात्रांची हालचाल अडखळत होते. तीसच्या दशकातले पोर्की रंगीत दिसले आणि चालताना धक्के खाऊ लागले, तर ती ही गिरवलेली आवृत्ती आहे. मूळ कृष्णधवल प्रत शोधून पाहावी, फरक पहिल्याच मिनिटात कळतो.

टॉम आणि जेरीच्या बाबतीत पडद्याची रुंदी मदतीला येते. हॅना आणि बार्बेरा या दिग्दर्शकांनी एमजीएम स्टुडिओत १९४० मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत १९५४ पासून सिनेमास्कोपची लांबट चौकट येऊ लागली, आणि एमजीएमचा कार्टून विभाग १९५७ मध्ये बंद पडला. टीव्हीवर ही चित्रे दाखवताना अनेकदा कडा कापल्या जातात. एखाद्या प्रसंगात जेरी अर्धाच चौकटीत दिसू लागला, तर ते सिनेमास्कोपच्या काळातले असण्याची शक्यता आधी तपासावी.