परवान्याच्या तपासणीने ग्राहकाचंच काम अडलं तेव्हा

मी एकट्याने सॉफ्टवेअर बनवतो आणि विकतो. कागदपत्रं सांभाळणारी प्रणाली आहे, ग्राहक ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवतो. पहिल्या आवृत्तीत परवाना रोज माझ्या सर्व्हरला विचारून तपासला जायचा. एका पतसंस्थेचं इंटरनेट दोन दिवस बंद पडलं आणि प्रणालीला कुलूप लागलं. तिथल्या मॅडमचा फोन आला, "अहो, सर्व्हर आमचा, डेटा आमचा, मग अडलं कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

त्याच आठवड्यात ती तपासणी काढली. आता ग्राहकाला परवाना म्हणून एक छोटी फाइल देतो: संस्थेचं नाव, वापरकर्त्यांची संख्या, अपडेट मिळण्याची शेवटची तारीख. तिच्यावर ईडी२५५१९ पद्धतीची डिजिटल सही असते, अवघ्या ६४ बाइटची. सही करायची गुप्त डिजिटल किल्ली, म्हणजे खासगी की, माझ्याकडे, नेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर. सही तपासायची जोडकिल्ली, म्हणजे सार्वजनिक की, प्रोग्रामच्या आतच. फाइलीत एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही, आणि पडताळणीला नेट लागत नाही.

अपडेटची ती शेवटची तारीख मी घड्याळाशी नाही, आवृत्ती तयार झाल्याच्या तारखेशी ताडतो. मुदत संपली तर नवी आवृत्ती चालत नाही, हातातली कायम चालते.

कोणी प्रोग्राम फोडून तपासणी उडवू शकेल, हे मला माहीत आहे. त्यासाठी प्रामाणिक ग्राहकाला अडवणं मला पटत नाही. खासगी कीची दुसरी प्रत मात्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे. ही की पुरती हरवली तर आधी विकलेल्या आवृत्त्यांना नवा परवाना देताच येणार नाही.