चिऱ्याच्या घरावर माडी: लोखंडी बीम आणि डेक शीटच्या स्लॅबचा हिशोब

कोकणात चिऱ्याच्या घरावर माडी चढवताना आता बरेच जण आय-बीम (इंग्रजी I आकाराचा लोखंडी बीम) आणि डेक शीटच (नाळ्या असलेला पत्रा, त्यावरच काँक्रीट ओततात) विचारतात, कारण टेकू-सेंटरिंग कमी लागतं आणि पावसाच्या आत काम उरकतं. फॅब्रिकेटर म्हणतो दीडशेचा, म्हणजे १५० मिमी उंचीचा बीम बास. बास होत नाही, बघा कसं.

समजा गाळा, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत बीमची लांबी, ४ मीटर आणि बीम दर १.८ मीटरवर. काँक्रीट २५ किलोन्यूटन घनमीटरला (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजन), म्हणजे १२५ मिमी स्लॅब चौरस मीटरला ३.१, फरशी-प्लास्टर १.२, घराचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, २ (बाल्कनीला ३ धरा). झाले ६.३, गुणिले १.८, वर बीमचं वजन, मीटरला साधारण ११.६. मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, डब्ल्यू एल स्क्वेअर भागिले ८ (डब्ल्यू हे मीटरचं वजन, एल गाळा) म्हणजे २३, सुरक्षेसाठी दीडपट केलं की ३५ किलोन्यूटन-मीटर. आयएसएमबी १५० (आयएसएमबी म्हणजे भारतीय मानकाचा आय-बीम, पुढचा आकडा उंची) झेपवतो २५ च्या आसपास, नापास. १७५ पास होतो, ३७-३८. तरी मी २०० च घेतो, कारण पूर्ण लोडला १७५ चा झोळ १५ मिमी आणि २०० चा ९, शिवाय खारा वारा बीम खाणार तो वेगळाच.

हे सगळं स्टड न धरता. शीअर स्टड (बीमवर वेल्ड केलेले, काँक्रीटमध्ये रुतणारे खुंटे) मारले तर स्लॅब-बीम एकत्र काम करतात, पण तो हिशोब इंजिनिअरकडूनच करून घ्या.

डेकच्या नाळ्या बीमला आडव्या हव्यात आणि काँक्रीटच्या आधी पत्रा बीमला पक्का फिक्स, नाहीतर बीमचा वरचा फ्लँज (आडवी पट्टी) बाजूला कलंडू शकतो. ओतताना एका जागी ढीग नको. ८ मिमी सळईची जाळी २०० मिमी अंतरावर, बीमच्या डोक्यावर ती वरच्या अंगाला ठेवा, तडे तिथेच येतात, कामगार जाळीवर नाचून ती खाली दाबतात तेवढं बघा.

बीमच्या टोकाला साधारण २.४ टन येतात, चिरा मऊ दगड, त्यावर बीम थेट टेकवायचा नाही, खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक (भार पसरवणारा ठोकळा) हवाच.

आता गंज. नुसत्या रेड ऑक्साइडवर इथे भागत नाही, ब्लास्टिंग करून (वाळूसारखे कण जोरात मारून गंज काढून) झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर आणि वर इपॉक्सीचे हात. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी नको, त्यातलं मीठ सळई खातं. समुद्राच्या वाऱ्यात उघडी गच्ची असेल तर आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे किमान एम ३० ग्रेडचं काँक्रीट, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नाही, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिमी. आणि भिंतीत जाणारी टोकं आधीच रंगवून घ्या, चिरा बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.