कॅसेटवरची गाणी मिक्समध्ये आणताना

जुन्या कॅसेटवरची गाणी संगणकात घेऊन त्यांचा मिक्स, म्हणजे एकामागून एक वाजणारी एकच फाइल, करायची आहे. ठाण्यात किंवा वाशीत वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असलेली कॅसेट थेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालू नका. आधी तिच्या खिडकीतून रिळाची कड उजेडात बघा. खाडीकाठच्या पावसाळ्यात कडेला पांढरी भुकटी धरते, ती बुरशी. तशीच वाजवली तर ती हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. मास्क लावून, गॅलरीत, टेप कोरड्या मऊ कापडातून हळूहळू फिरवून घ्या. डेक वापरायचाच असेल तर भंगारात जाणारा. स्वच्छ कॅसेटही वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. तुटलेल्या टेपला सेलोटेप नको, गोंद पाझरून शेजारचे वेढे धरतो.

हेड, टेप ओढणारी कॅपस्टनची दांडी आणि टेप तिच्यावर दाबणारा रबरी पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाची काडी काळपट निघायची थांबली की झालं.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या कामाला द्या, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात. हेडची फट (त्याच्या तोंडावरची बारीक चीर) टेपला काटकोनात नसेल तर ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, जातो. टाळ, झांजा, सतारीच्या तरफा मिटतात आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर त्या परत आणत नाही. डेकच्या दाराचं झाकण काढा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू दिसेल. त्याची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा. गाणं चालू ठेवून आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) करा आणि स्क्रू पाव वेढ्याच्या आतच इकडे-तिकडे फिरवा. टाळ सर्वांत स्वच्छ वाजतील तिथे थांबा. मोनो अशासाठी, की कोन चुकला तर डाव्या-उजव्या आवाजात किंचित वेळेचा फरक पडतो आणि दोन्ही एकत्र आले की ट्रेबल एकमेकांना मारतो. चूक लगेच कानाला लागते. घरी भरलेल्या कॅसेटचा कोन ती ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचा असतो, त्यामुळे हे दर कॅसेटला नव्याने. कॅसेटवर डॉल्बीची (खरखर कमी करायच्या पद्धतीची) खूण नसेल तर ते बटण बंदच ठेवा.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीत) वायर घ्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, तिथे आवाज बहुधा मोनो होतो आणि फाटतो. घुमणारी हम आली तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबू द्या. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवलं तर ३० मिनिटांची एक बाजू वेव्हमध्ये साधारण ४७५ एमबी होते.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढताना नमुना रिकाम्या टेपचाच घ्या. गायक सुरू होण्याआधीची ‘शांतता’ निवडली तर तिथे तंबोरा आधीच सुरू असतो. सॉफ्टवेअर त्यालाच खरखर समजतं आणि जवारी (तंबोऱ्याच्या तारांचा झणझणता नाद) खाऊन टाकतं. ६ डेसिबलपेक्षा जास्त कापू नका. थोडी खरखर राहिली तर राहू दे, भावगीताला ती शोभते.

मिक्ससाठी लाउडनेस नॉर्मलायझेशनने सगळी गाणी उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा आणि शिखर, म्हणजे सर्वांत मोठा क्षण, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. काळी एक या पट्टीतल्या गाण्याला लागून पांढरी दोनमधलं ठेवलं की अर्ध्या स्वराचा फरक खटकतो. मध्ये वेगळं काही घाला किंवा ४-५ सेकंद सोडा. लांबी ३० मिनिटं बरी, ठाणे–वाशी लोकलमध्ये जवळपास तेवढाच वेळ लागतो. तिथेच इअरफोनवर तपासा: दोन गाण्यांमध्ये आवाजाच्या बटणाकडे हात गेला तर ते गाणं पुन्हा बसवा. ३२० केबीपीएस एमपीथ्री ७२ एमबीच्या आसपास होईल.

जुनी कॅसेट चांगली की रीमास्टर (नंतर सुधारून काढलेली आवृत्ती), हा वाद घालायचाच असेल तर दोन्ही फाइली आधी सारख्या लाउडनेसवर आणा. जी किंचित मोठी वाजते तीच ‘चांगली’ वाटते. गाण्यांचा क्रमही जुळवा, कारण दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या करायला कॅसेटवर कधी कधी क्रम बदलला जाई. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या वाद्यसंगीताच्या अल्बममध्ये काश्मिरी मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहीर भैरवाने उजाडतो, तिथे क्रम हलला की दिवसच विस्कटतो. ऐकताना पंखा बंद, फाइलींना ‘क’ आणि ‘ख’ एवढीच नावं, आणि कुठली कुठली ते लावणाऱ्याने मतं कागदावर उतरेपर्यंत सांगायचं नाही.